भावाच्या स्मृतीसाठी निधिसंध्या: पैसा पडदा उघडण्याआधीच जमतो

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका ताईंचा धाकटा भाऊ गेल्या वर्षी आत्महत्येने गेला. तो गायचा. पहिल्या स्मृतिदिनाला त्याच्या गाणाऱ्या मित्रांना जमवून एक संध्याकाळ करावी, तिकीट लावावे आणि जमलेले पैसे मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या चार संस्थांना वाटून द्यावेत, असे त्यांच्या मनात आहे. मोठे नाट्यगृह घ्यावे का, परवानग्या कोणत्या, न्यू जर्सीतला चुलतभाऊ डॉलर पाठवतो म्हणतो ते कसे घ्यायचे आणि आईने दोन शब्द बोलावेत का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, संस्थांसाठी असे कार्यक्रम उभे करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून आधी पैशांचेच बोलतो. रुक्ष वाटेल, पण बाकीचे निर्णय त्यातूनच निघतात.

समजा, २५० खुर्च्यांचे सभागृह घेतले आणि ३०० रुपये तिकीट ठेवले. सगळी तिकिटे खपली तरी ७५,००० रुपये. ती सगळी खपत नाहीत, आणि पन्नासेक खुर्च्यांवर घरचीच माणसे असतात ज्यांच्याकडून तुम्ही पैसे घेणार नाही. आता खर्च बघा: भाडे, ध्वनिव्यवस्था, तबला-पेटी-कीबोर्डवाल्यांचे मानधन, छपाई, चहा, फुले, चित्रीकरण. हात आखडून केले तरी साठ-सत्तर हजार कुठे गेले ते कळत नाही. म्हणजे तीन महिने धावपळ करून संस्थेच्या पदरात पाच-दहा हजार. नाट्यगृह मोठे घेतले तर भाडे वाढते आणि रिकाम्या खुर्च्याही. अर्ध्या भरलेल्या बालगंधर्व रंगमंदिरापेक्षा गच्च भरलेले छोटे सभागृह केव्हाही चांगले.

मग पैसा येतो कुठून? कार्यक्रमाच्या आधीच्या सहा आठवड्यांत, एकेका माणसाला नावाने लिहिलेल्या पत्रातून. भावाच्या कॉलेजच्या बॅचला, ऑफिसातल्या टीमला, तुमच्या सोसायटीला, गाण्याच्या क्लासला. ग्रुपवर टाकलेल्या सरसकट निरोपाला हात जोडल्याच्या खुणा येतात, पैसे येत नाहीत. 'तुम्ही त्याच्यासोबत दोन गॅदरिंग केलीत, म्हणून तुम्हाला लिहिते आहे' असे वाक्य असलेल्या निरोपाला येतात. चाळीस माणसांनी सरासरी पाच हजार दिले तर दोन लाख झाले, पडदा उघडायच्या आधी. भाऊ खासगी कंपनीत असेल तर तिथल्या एचआरला जरूर विचारा. काही कंपन्या कर्मचाऱ्यांनी जमवलेल्या रकमेइतकीच रक्कम स्वतः घालतात.

आणि खर्च निधीतून करू नका. दोन-तीन जवळच्या माणसांनी तो आधीच उचलावा: एखादे काका, एखादा दुकानदार मित्र. मग निवेदकाला सांगता येते की आजचा सगळा खर्च कुटुंबाच्या स्नेह्यांनी केला आहे, तुमचा रुपयान् रुपया संस्थेकडे जाईल. या एका वाक्याने पाकिटे जाड होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आता तिकिटाचे. माझे मत स्पष्ट आहे: तिकीट लावू नका. प्रवेशिका विनामूल्य ठेवा आणि देणगी ऐच्छिक. एक कारण कराचे. तिकीट म्हणजे पैसे देऊन घेतलेली खुर्ची, ती देणगी नव्हे. त्यावर ऐंशी-जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती मागणे बरोबर नाही, आणि छापील कागदावर 'देणगी प्रवेशिका' लिहिल्याने त्यात फरक पडत नाही. दुसरे कारण गाण्यांच्या हक्कांचे. कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला सूट आहे, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या. 'चांगल्या कामासाठी आहे' म्हणून सूट नाही. तिकीट लावून चित्रपटगीते गायलीत तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना घ्यावा लागेल, आणि ध्वनिमुद्रित गाणी वाजवलीत तर त्यांचे वेगळे. मानधन घेणारे वादक बसले की 'हौशी' हा शब्दही डळमळतो, तेव्हा शंका असेल तर सरळ परवाना घ्या. त्याचा खर्च तुमच्या अंदाजपत्रकात बसेल. पोलीस आणि इतर परवानग्यांची यादी सभागृहाच्या व्यवस्थापकाकडे तयार असते. पहिल्याच भेटीत मागून घ्या, माझ्यासह कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

विनामूल्य प्रवेशिकेचा तोटा ठाऊक आहे. पुण्यात फुकट पास म्हणजे न येण्याचा परवाना. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: नावे नोंदवून घ्या आणि आदल्या दिवशी दोन पोरांना फोनवर बसवा.

चार संस्था मात्र नकोत. एक घ्या, फार तर दोन. चार ठिकाणी तीस-तीस हजार गेले तर कुणाचेच काही उभे राहत नाही, आणि मंचावर चार प्रतिनिधी, चार मनोगते, चार पुष्पगुच्छ होतात. निवडताना भावाच्या आयुष्याशी सगळ्यात जवळचे काम कोणते ते बघा. पुण्यात कनेक्टिंग ट्रस्ट आत्महत्या-प्रतिबंधाचे काम करते. मनाने कोसळलेल्या माणसाचे स्वयंसेवक फोनवर ऐकून घेतात. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे काम शुभार्थी आणि त्यांचे शुभंकर, म्हणजे आजारातून जाणारे आणि त्यांना सांभाळणारे, अशा दोघांसाठी चालते. व्यसनाचा धागा असेल तर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र. ठाण्याकडचे नातेवाईक जास्त असतील तर १९९० पासून मानसिक आरोग्यावर काम करणारी तिथली आयपीएच. मुक्तांगण १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले, तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेली देणगी त्यामागे होती. वेळेवर एका ठिकाणी पडलेली रक्कम काय करते, याचे आपल्याकडचे हे चांगले उदाहरण.

संस्था ठरली की आधी तिथे जा, मग सभागृह बघा. संस्थेला हा कार्यक्रम हवा आहे का, तिचे नाव-बोधचिन्ह वापरलेले चालेल का, ऐंशी-जीची मान्यता चालू आहे का, त्या संध्याकाळी तिचा माणूस हजर राहील का, हे विचारा. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा. चांगली संस्था तो हसत देते.

आणि 'या पैशांतून अमुक वस्तूच घ्या' ही अट घालू नका. लोकांना खुर्च्या, फ्रिज, संगणक द्यायला आवडते, कारण त्यावर नावाची पट्टी लावता येते. पण या क्षेत्रातला मोठा खर्च माणसांचा असतो: समुपदेशकाचा पगार, स्वयंसेवकांचे प्रशिक्षण, फोनवर बसणाऱ्यांवर देखरेख करणारा अनुभवी माणूस. त्यासाठी देणगीदार मिळत नाहीत, म्हणून तुमचे पैसे तिथे जाऊ द्या. प्रशिक्षणाच्या एका तुकडीला किती खर्च येतो, हा खरा आकडा संस्थेकडून घ्या आणि पत्रात तोच लिहा.

पैसे सरळ संस्थेच्या खात्यात जायला हवेत. हे मी जरा ताणून सांगतो, कारण गडबड इथेच होते. 'माझ्या नंबरवर जीपे करा, मी एकत्र भरते' हे सोपे वाटते. पण मग संस्थेला देणगीदार म्हणून तुम्ही एकट्याच दिसता, बाकी कुणाला पावती मिळत नाही, आणि तुमच्या खात्यात अचानक दोन-तीन लाख येऊन गेल्याचे उत्तर तुम्हाला देत बसावे लागते. शिवाय तुम्ही स्वतःच्या किंवा मित्रमंडळाच्या नावाने धर्मादाय कामासाठी निधी गोळा करू लागलात की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधले कलम ४१-क लागू होते, तेच ज्याखाली गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाची तात्पुरती परवानगी काढतात. संस्थेने निधी घ्यायचा आणि कुटुंबाने निमंत्रण द्यायचे, अशी वाटणी केली की ही भानगड उरत नाही. संस्थेचा क्यूआर कोड प्रवेशिकेवर आणि पाकिटावर छापा. सभागृहात नेटवर्क नेमके मोक्याच्या क्षणी जाते, तेव्हा घरी जाऊन वापरता येईल असा कोड प्रत्येकाच्या हातात असलेला बरा.

रोख देणारेही असतात. २,००० रुपयांहून अधिक रोख रकमेवर ऐंशी-जीची सूट मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती तशीही नाही. हे पाकिटावर बारीक अक्षरांत लिहा. नंतरचे पन्नास फोन वाचतात. पाकिटावर नाव, पत्ता, पॅन यांचे रकाने असू द्या, कारण निनावी रकमा एका मर्यादेपुढे गेल्या तर संस्थेला त्यावर कर पडतो. पेटी त्याच रात्री, सभागृहातच, संस्थेचा एक आणि तुमच्याकडचा एक अशा दोघांसमोर उघडा, मोजा आणि कागदावर सह्या करा. कुणावर अविश्वास म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी एखादे काका 'नक्की किती जमले?' विचारणारच आहेत.

चुलतभावाचे डॉलर. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. तो अमेरिकी नागरिक झाला असेल, मग हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळते ते) असले तरी, ती परदेशी देणगी ठरते. ती फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेला, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. 'मी ताईला पाठवतो, ताई भरेल' ही पळवाट नाही. त्यात संस्था अडचणीत येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने परदेशी निधी घेऊन दुसरीला देणेही बंद झाले आहे. त्यामुळे त्याला आधी पासपोर्ट विचारा, रक्कम नंतर. तो अमेरिकी नागरिक असेल आणि तुमच्या संस्थेकडे एफसीआरए नसेल, तर त्याने तिथल्याच एखाद्या मानसिक आरोग्य संस्थेला भावाच्या नावाने द्यावे.

तारखेबद्दल. नेमका स्मृतिदिन घेऊ नका असे सुचवेन. त्या दिवशी घरात वर्षश्राद्ध असेल, आई-बाबांना कुणाशी बोलावेसे वाटणार नाही, आणि संध्याकाळी त्यांना नेसवून-सजवून पहिल्या रांगेत बसवणे म्हणजे छळ. त्याचा वाढदिवस चालेल. अनेकांना १० सप्टेंबर हा आत्महत्या-प्रतिबंध दिन किंवा १० ऑक्टोबर हा मानसिक आरोग्य दिन हवासा वाटतो. पण त्या सुमारास गणपती असले तर ना हॉल मिळतो ना तबलजी, आणि संस्थांची माणसेही त्या दोन दिवसांत चार ठिकाणी भाषणे देत फिरत असतात. एक जुनी युक्ती सांगतो: पितृपक्ष. लग्न-मुंजी नसतात, हॉल रिकामे, कलाकार मोकळे. गेलेल्या माणसासाठी जमायला त्या पंधरवड्याइतका साजेसा काळ कोणता? शनिवार-रविवारच्या मागे लागू नका, ते नाटकवाल्यांचे असतात. शुक्रवारी साडेसहा ही चांगली वेळ.

मंचावर काय असावे, यापेक्षा काय नसावे हे आधी ठरवा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रत्येक गायकाचा सत्कार, पाच मिनिटांचे म्हणून वीस मिनिटे चालणारे अध्यक्षीय भाषण: हे सगळे काढले की चाळीस मिनिटे वाचतात. देणगीदारांची नावे रकमेसह वाचू नका. आपल्याकडे ती पद्धत आहे, पण पाचशे देणारा त्याने खुर्चीत खाली सरकतो. बाहेर फलकावर आडनावांच्या वर्णक्रमाने नावे लिहा, रकमा नकोत.

आवाहन मध्यंतराच्या आधी, तीन मिनिटांचे, आणि संस्थेत रोज काम करणाऱ्या माणसाने करावे. मध्यंतरात वडा-चहाच्या रांगेशेजारी स्वयंसेवक पाकिटे घेऊन उभे. शेवटी आवाहन केले तर लोक पार्किंगच्या विचारात असतात. एखाद्या शुभार्थीने अनुभव सांगायचा असेल तर तो पूर्ण बरा असताना, स्वतःच्या इच्छेने, आणि आयत्या वेळी 'आज नको' म्हणण्याची मोकळीक ठेवून. उपचार घेणाऱ्या कुणाचेही छायाचित्र किंवा माहिती संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, हे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २४ मध्ये आहे. चित्रीकरण करणाऱ्याला आधीच ताकीद द्या.

आणि आईला बोलायला लावू नका. एका कार्यक्रमात संयोजकांनी आईच्या हातात माईक दिला होता. आई दोन वाक्यांनंतर थांबल्या, सभागृह रडू लागले, आणि पुढे पाऊण तास कुणाला गाता आले नाही. निधी चांगला जमला. तरी मी पुन्हा तसे होऊ देणार नाही. तुम्ही स्वतःही निवेदन करू नका, पाकिटे गोळा करू नका, वडे आले का ते बघायला धावू नका. कुटुंबाने त्या संध्याकाळी फक्त बसावे. कार्यक्रमाची सूत्रे हातात घेणारा एक माणूस शोधा: भावाच्या गटातला, पण सगळ्यात जिवलग नसलेला. जिवलग मित्र ऐन वेळी कोलमडतो. त्याच कारणाने प्रत्येक गाण्याला दुसरा गायक तयार ठेवा. आईला काही म्हणायचेच असेल तर ते लिहून घ्या आणि निवेदकाने वाचावे.

आता जे सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते. प्रेक्षकांत त्याच्या वयाची मुले असतील, आणि त्यांतला एखादा त्याच वाटेवर उभा असू शकतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांत महाराष्ट्राच्या २२,७४६ होत्या, देशात सर्वाधिक. तुमच्या सभागृहात अशी ओळखीची जखम घेऊन आलेली माणसे असणारच. म्हणून मंचावरून कसे गेला हे सांगायचे नाही, कुठे गेला हे नाही, शेवटची चिठ्ठी असेल तर तिचा उल्लेखही नाही. 'नोकरी गेली म्हणून', 'तिने नकार दिला म्हणून' असे एक कारण चिकटवायचे नाही; ते जवळजवळ कधीच पूर्ण खरे नसते, आणि ती 'ती' कदाचित सातव्या रांगेत बसलेली असते. 'आता तो शांत झाला', 'सुटला' ही वाक्ये सांत्वनाला ठीक वाटतात, पण खचलेल्या मुलाच्या कानाला ती वेगळी ऐकू येतात. फोटो मंचाच्या मध्यभागी हार घालून, प्रकाशझोतात नको. बाहेर दालनात ठेवा, गातानाचा, हसणारा. शेजारी वही ठेवा, लोक लिहितात. वरचे आकडेही निवेदनात वाचू नका, ते तुमच्यासाठी सांगितले.

गाणी निवडताना मित्र सगळी विरहाची काढतील. त्याला आवडणारी उडत्या चालीची, टाळ्या घेणारी गाणी निम्मी तरी असू द्या. तो फक्त शेवटच्या दिवसाचा नव्हता.

संस्थेकडून दोन समुपदेशक मागा आणि मेकअपची एक खोली त्यांच्यासाठी राखून ठेवा. सुरुवातीलाच निवेदकाने साध्या आवाजात सांगावे: कुणाला जड वाटले तर बाहेर या, डावीकडच्या खोलीत माणूस आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रवेशिकेच्या मागे छापा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. स्वयंसेवकांना मात्र बजावा की सल्ला द्यायचा नाही. शेजारी बसायचे, ऐकायचे, खोलीपर्यंत सोबत जायचे.

कार्यक्रम संपल्यावर तुमच्यापुढे रांग लागेल. काही जण 'नक्की काय झालं होतं हो?' विचारतील. त्यासाठी एक वाक्य घरच्या सगळ्यांनी मिळून आधी ठरवा, 'तो आजारी होता, आणि आम्ही त्याबद्दल आज इथे बोलणार नाही' असे काही, आणि सगळ्यांनी तेच म्हणा. काही जण मात्र हात धरून सांगतील की आमच्याही घरात असे घडले आहे, कुणाला सांगितलेले नाही. त्यांच्यासाठी संस्थेचे कार्ड पर्समध्ये ठेवा. त्या क्षणी तुमच्याकडून काहीही बोलले जाणार नाही, आणि बोलायची गरजही नसते.

पंधरा दिवसांत हिशेब पाठवा: किती जमले, खर्च कुणी केला, संस्थेची पोच. एक पान पुरे. पावत्या आणि कर-प्रमाणपत्र संस्था आपल्या वेळापत्रकाने देईल. प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावरच हातात येते, हे देणगीदारांना आधीच सांगून ठेवा.

याच सुमारास कुणीतरी म्हणेल, त्याच्या नावाने ट्रस्टच काढू. निदान दोन वर्षे थांबा. ट्रस्ट म्हणजे नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण, आयकराची विवरणपत्रे आणि विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज. पहिल्या वर्षीच्या उत्साहात सह्या करणारे सातपैकी पाच जण तिसऱ्या वर्षी फोन उचलत नाहीत. त्याऐवजी संस्थेशीच बोला, त्याच्या नावाने दरवर्षी स्वयंसेवकांची एक प्रशिक्षण तुकडी ठेवता येईल का म्हणून. तसे जमले तर पुढच्या वर्षी कार्यक्रम करायचा की नाही, हे तुम्हाला मोकळेपणाने ठरवता येईल.